पहिला क्रमांक कोणालाच नाही

बसा. टाळ्या पुरे झाल्या. पहिला क्रमांक कोणालाच नाही. दुसराही नाही. ढाल यंदा कपाटातच राहील. आयोजकांची चुळबूळ मला इथून दिसतेय, पण परीक्षक म्हणून मला बोलावताना माझा लौकिक त्यांना ठाऊक होता. पाहुण्यांना उशीर होत असेल तर त्यांनी खुशाल निघावं. पोरांनी मात्र जागेवरून हलायचं नाही.

या वादविवादाचा विषय काय होता? 'सरकारी तिजोरीवर पहिला हक्क कोणाचा: माजी सैनिकांचा की सरकारी शाळांचा?' ज्यानं हा विषय काढला त्याच्याकडे नंतर वळतो. आधी तुम्ही. सैनिकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी सियाचीन आणलं, उणे चाळीस तापमान आणलं, आईचं पत्र आणलं. शाळेच्या बाजूवाल्यांनी गळकं छप्पर आणलं आणि सावित्रीबाईंच्या अंगावरचं शेण आणलं. प्रत्येकाचा आवाज ठरल्या जागी गहिवरला. एकाचा तर गहिवर अर्ध्या वाक्यानं आधीच आला, कारण पाठांतरात ती ओळ पुढची होती. अरे, सियाचीनमध्ये पहारा देणारा जवान नोकरीत आहे, त्याला पगार मिळतो. विषय माजी सैनिकांचा होता. पेन्शन म्हणजे काय, ती कोण देतं, किती वर्षांच्या सेवेनंतर मिळते, एवढं तरी कोणी सांगायचं? इतकी भाषणं झाली, पण पंधरा वर्षं हा आकडा एकाच्याही तोंडून आला नाही. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची सेवा लागते. विशीच्या आत भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. तेव्हा पोरं शाळेत असतात आणि म्हातारे आईबाप हयात असतात. राज्यातला शिक्षक अठ्ठावन्नला निवृत्त होतो. 'सैनिकाला इतक्या लवकर पेन्शन कशाला' असं मघाशी हसत विचारणाऱ्यानं हे दोन आकडे एकाखाली एक लिहून काढावेत.

एकानं आकडे आणले होते. मी शाबासकी द्यायच्या बेतात होतो. तो म्हणाला, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी १,६०,७९५ कोटी आणि शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी. म्हणजे देश निवृत्त सैनिकांवर जास्त आणि मुलांवर कमी खर्च करतो. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. आकडे दोन्ही बरोबर आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि टाळ्या वाजवणारे त्याच्याहून जास्त चुकलेत.

नीट ऐका. सैन्य फक्त केंद्राचं असतं. सैन्याच्या पेन्शनचा रुपया न् रुपया दिल्लीच्या तिजोरीतून येतो. शिक्षणाचं तसं नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत आलं, त्याआधी ते राज्यांकडे होतं. आजही सार्वजनिक शिक्षणावरच्या खर्चाचा मोठा वाटा राज्यंच उचलतात. चार रुपयांतले तीन राज्यांच्या खिशातले असतात असं धरून चाला. तुमच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार मुंबईहून येतो. म्हणजे या पठ्ठ्यानं एका पारड्यात अख्खं पेन्शन टाकलं, दुसऱ्यात शिक्षणाचा चौथा हिस्सा, आणि काटा एकीकडे झुकला म्हणून ओरडला.

आणखी एक गोष्ट. त्या १ लाख ६० हजार कोटींतले सगळे काही गणवेशातल्या माणसांचे नाहीत. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले नागरी कर्मचारीही त्यातच येतात. खडकी, वरणगाव, भंडारा इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले फिटर, टर्नर, कारकून. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा तिथं असतील तर आजच्या भाषणात तुम्ही त्यांनाही सियाचीनवर पाठवलंत.

मग खरा प्रश्न कुठला होता? तो कोरेगावकडच्या त्या मुलीनं विचारला, खंडनाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात. ती म्हणाली, "पेन्शन कमी केली तर उरलेला पैसा शाळेलाच मिळेल हे कशावरून?" तेवढ्यात घंटा वाजली आणि विरोधी संघ फिदीफिदी हसला. यंदाचं एकमेव उत्तेजनार्थ बक्षीस तिला. हसणाऱ्यांनी आता कान उघडे ठेवा, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या राज्यात घडून गेलंय.

१ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रात नोकरीला लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची आणि शिक्षकांची जुनी पेन्शन बंद झाली. केंद्रानं आपल्या नोकरांची १ जानेवारी २००४ पासूनच बंद केली होती, त्यातून सैन्यदलं तेवढी वगळली. कारण काय दिलं? तिजोरीवरचा भार. बरं, भार हलका करायचं ठरलं. मग शाळा भरभराटीला आल्या का? मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत डी.एड. झालेली पोरं कुठं गेली, ते पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये जाऊन विचारा. प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलेला तरुण वर्षानुवर्षं महिना सहा हजारांवर राबला. २०२३ मध्ये त्याचे सोळा हजार झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये निर्णय निघाला की रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजारांच्या मानधनावर घ्यावं. म्हणजे नव्या शिक्षकाची पेन्शन काढून घेतली, त्याची भरती लांबवली, आणि त्याच्या खुर्चीवर पुन्हा जुना पेन्शनर बसवायचा बेत केला. मी स्वतः जुन्या योजनेतला पेन्शनर आहे, म्हणून हे सांगताना मला जरा जास्तच लाज वाटते. मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा गावागावांत लोक म्हणाले, "यांना काय कमी आहे?" त्यांतलाच माणूस संध्याकाळी ध्वजवंदनाच्या व्हिडिओवर सैनिकाला सलाम ठोकतो. एकाची पेन्शन हक्क आणि दुसऱ्याची चैन, हे कोणत्या पुस्तकात वाचलंत?

पेन्शन खैरात नव्हे हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलंय, डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात.     मुद्दा असा की ज्यानं ऐन उमेदीची वर्षं दिली, त्याच्या पगाराचा एक भाग सरकारनं मागं ठेवला आणि पुढे देऊ म्हणून कबूल केलं. त्या देण्यावर हात मारून शाळेचं छप्पर शाकारायला निघालेल्या संघाला मी नापास करतोय. शाळेचं प्रेम हे कारण पुरेसं नाही.

आता सैनिकांच्या बाजूवाल्यांनो, तुम्ही खुश होऊ नका. तुम्ही 'समान पद, समान पेन्शन' हे शब्द निदान सहा वेळा उच्चारलेत आणि त्यातली एकही तारीख तुम्हाला येत नव्हती. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी सैनिकांची जुनी पेन्शनपद्धत मोडली आणि जवानाचा वाटा घटला. त्यानंतर चाळीस वर्षं अर्ज आणि समित्या. २०११ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनं ही मागणी मान्य करावी असं म्हटलं. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल होते. १५ जून २०१५ पासून म्हातारे सुभेदार आणि कर्नल जंतरमंतरवर साखळी उपोषणाला बसले. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना तिथून हुसकलं. छातीवर पदकं लावलेल्या माणसांचे सदरे फाटले, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. मग घोषणा झाली. संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर आणि तारीख होती ५ सप्टेंबर २०१५. शिक्षकदिन! त्या दिवशी तुम्ही शाळेत गुरुजींना गुलाबाची फुलं देत होता. हे एकाला तरी माहीत होतं?

सैनिकांना त्यांचं देणं मिळालं ते कोणाच्या गहिवरानं मिळालेलं नाही. त्यांनी कागद जपले, संघटना बांधली, वकील उभा केला, रस्त्यावर बसले. शाळेच्या बाजूनं असं कोण बसलंय? सहावीतल्या मुलाची संघटना नसते. त्याच्या वतीनं बसायचं ते त्याच्या आईबापांनी, आणि आईबापांनी मुलाला केव्हाच खासगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवलं. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. १९६८ च्या धोरणात ते आलं, १९८६ च्या आलं, २०२० च्या आलं. २०२० च्या धोरणाच्याच कागदात कबुली आहे की प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास आहे. हा दीड टक्का कोणत्या माजी सैनिकानं खाल्ला, सांगा? २००४ पासून शिक्षणाच्या नावानं उपकर गोळा होतोय. तुमचे वडील कर भरत असतील तर त्यांच्या कागदावर तो छापलेला असतो. त्यातला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठीचा उपकर दहा वर्षं जमत राहिला आणि त्यासाठी वेगळा निधीच उभा केला नाही, असं महालेखापरीक्षकांनी लिहिलं. तेव्हा किती पालकांनी उपोषण केलं?

तुमच्यातल्या एकानं मघाशी 'एकाच भाकरीचे दोन वाटेकरी' अशी उपमा दिली. टाळीही मिळाली. भाकरी एकच आहे, आणि ती फक्त या दोघांतच वाटायची आहे, हे तुला कोणी सांगितलं? त्या ताटावर कर्जाचं व्याज आहे, उद्योगांच्या करसवलती आहेत, निवडणुकीआधीच्या घोषणा आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवायला अभ्यास लागतो. दोन गरजवंतांना एकमेकांच्या अंगावर सोडायला काही लागत नाही.

आता जरा ताठ बसा. आपण साताऱ्यात आहोत. इथून चालत जाता येईल अशा एका सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यावरही भाषणं केली असतील. त्या मुलाचे वडील कोण? सुभेदार रामजी सकपाळ. माजी सैनिक. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. म्हणजे सैनिकही तेच आणि शिक्षकही तेच. तुमच्या स्पर्धेत त्यांनी कोणत्या संघातून बोलायचं? पलटणीच्या शाळेत जवानांना आणि त्यांच्या पोरांना लिहायला-वाचायला शिकवत, आणि ज्या जातींना गावातल्या शाळेची पायरी चढू देत नसत त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. पुढे मुंबईला परळच्या चाळीत राहत असताना त्या भिवाला, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांना, पुस्तकं हवी असत. घरात पैसा नसे. तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकून पुस्तक आणत, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करत. बाबासाहेबांनीच ही आठवण सांगितली आहे. त्या पेन्शनमधले किती आणे सैनिकाचे आणि किती शिक्षणाचे, याचा ताळेबंद मला कोणी मांडून दाखवेल?

आणि उलटी बाजूही रामजींच्याच महार समाजानं पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. भरती गेली तशी पेन्शन गेली आणि पलटणीतली शाळाही गेली. दापोलीला राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी, तेही निवृत्त सैनिक, त्याविरुद्ध अर्ज लिहिला. तो लिहिण्याइतकं शिक्षण सैन्यात मिळालं होतं म्हणून लिहिता आला.

आजच्याकडे या. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, शंभरातले पंचवीस पुढे राहणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही. सरकार म्हणतं सैन्य तरुण हवं. हिशेब करणाऱ्याला पेन्शनची बचतही दिसते. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत आणि जिथं आजही घरटी माणूस सैन्यात असतो. अशा गावांतली पोरं ऐन विशी-पंचविशीत परत येणार. त्यांना काय लागेल? कॉलेज, आयटीआय, वसतिगृह. म्हणजे उद्याच्या माजी सैनिकाची पहिली मागणी सरकारी शिक्षणाचीच असणार आहे. अमेरिकेनं १९४४ मध्ये हे ओळखलं, युद्धावरून परतणाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च कायद्यानं उचलला आणि जवळपास ७८ लाख माणसं शिकवून घेतली. तुमचे दोन्ही संघ मात्र अजून एकमेकांची गचांडी धरून उभे.

सैन्यावरच्या खर्चाविरुद्ध शिक्षणाची बाजू मांडायचीच असेल तर ती कशी मांडतात हेही पाहा. कोतळूकच्या एका मास्तरानं ते करून दाखवलंय, गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलले. लष्करी खर्च किती वाढला, मिठावरचा कर किती, प्राथमिक शाळेवर किती, सगळं आकड्यांनिशी. वाढलेल्या खर्चावर बोट ठेवलं, कोणा निवृत्त शिपायाच्या पोटावर पाय दिला नाही. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधकांचं एक म्हणणं काय होतं? पैसा नाही. त्याच सुमाराला बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण सुरू केलेलं होतं आणि १९१७ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी केलं. संस्थानिकांना पैसा सापडला. साम्राज्याला सापडला नाही.

आता मागच्या बाकावरचे गुरुजी. तुम्ही हसताय ते मला दिसतंय. ही भाषणं पोरांनी लिहिलेली नाहीत. 'रक्ताच्या शाईनं लिहिलेला इतिहास' हे वाक्य तीन वेगवेगळ्या शाळांच्या पोरांनी म्हटलं, ते एकाच पुस्तिकेतून आलं असणार. तुम्ही लिहून दिलंत, हातवारे शिकवलेत, कुठं थांबायचं ते शिकवलंत. अर्थसंकल्पाचं एक पान दाखवलं नाहीत. ज्याच्या पगारावर, भरतीवर, पेन्शनवर हा वाद आहे त्या माणसानंच पोराला घोषणा पाठ करून द्यावी? आणि ज्यानं विषय काढला, त्यानं 'की' घालून पोरांना आधीच खड्ड्यात उतरवलं. पुढच्या वर्षी विषय मला दाखवल्याशिवाय छापायचा नाही.

७ डिसेंबरला सैनिकांसाठीच्या ध्वजदिन निधीचे डबे तुम्हीच फिरवलेत. शाळेची पोरंच दरवर्षी ते फिरवतात. ज्या शाळेचं वीजबिल थकलंय तिच्यातली पोरंसुद्धा. तेव्हा 'आधी आमचं छप्पर' असं एकही पोर म्हणालं नाही. हे भांडण स्टेजवर आल्यावर सुचलं.

वह्या काढा. लिहून घ्या. २६ जानेवारीला प्रत्येकाच्या गावात ग्रामसभा आहे. तिथं विचारायचं: शाळेचं वीजबिल कोण भरतं आणि किती थकलंय. शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिनं करायचा शाळा विकास आराखडा कुठं आहे. दाखवा म्हणायचं, सांगा म्हणायचं नाही. किती शिक्षक मंजूर आणि किती हजर. त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं आणि विचारायचं की तुमच्या गावातल्या किती वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवा पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालताहेत, नावातल्या स्पेलिंगपायी कोणाचं प्रकरण अडलंय का. अशी एखादी आजी निघाली तर तिचा अर्ज तिथंच बसून लिहून द्यायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी दोन पानं माझ्याकडे पोचली पाहिजेत. हातानं लिहिलेली. सुविचार नको, शेर नको, सियाचीन नको. आणि गुरुजी, यंदा तुम्ही लिहून द्यायचं नाही.